मांजरीचं मेंटेनन्स शेड्यूल

मराठी विभागाची संपादिका माझी रूमपार्टनर आहे, म्हणून हा लेख. कॉन्व्हेंटमध्ये मराठीच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क मला कधीच मिळाले नाहीत. तेव्हा चुका दिसल्या तर त्या माझ्या, आणि दुरुस्त झाल्या नसतील तर तिच्या!

विषय मात्र चेष्टेचा नाही. आपल्या हॉस्टेलची मांजर, केटी. फर्स्ट इयरवाल्यांसाठी सांगते, हे कॅथरीनचं केटी नव्हे, ए.टी.के.टी.मधलं केटी. कितीही घालवा, पुढच्या सेमिस्टरला परत हजर.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर रात्री साडेअकराला वाद पेटला. केटीची साफसफाई किती वेळा करायची? एक पार्टी म्हणाली, दर रविवारी शाम्पू लावून आंघोळ. आपण नाही का केस धूत? बेडवर येऊन झोपते ती! दुसरी पार्टी म्हणाली, काहीही काय, मांजर दिवसभर स्वतःला चाटतच असते, तिला हात लावायचीसुद्धा गरज नाही. मग मतदान. मी कुठल्याच बाजूला हात वर केला नाही, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. पण काय करणार, मी दोन्ही पार्ट्यांची माजी सभासद आहे. आणि त्या सभासदत्वाची फी आमच्या घरच्या बोक्याने भरलीय.

2020 च्या दिवाळीत बाबांनी पर्शियन जातीचा बोका आणला. पांढराशुभ्र, चपटं नाक, कापसाचा गोळाच. मी हौसेने नाव ठेवलं ऑस्कर. आजीने पहिल्याच दिवशी त्याचा भास्कर केला आणि तेच नाव टिकलं. तेव्हा लॉकडाऊनचे दिवस, वेळच वेळ. दर रविवारी मी त्याला माझ्या शाम्पूने आंघोळ घालायचे. दोन महिन्यांत त्याच्या अंगावर कोंडा दिसायला लागला आणि तो सारखा खाजवायला लागला. आपला शाम्पू आपल्या कातडीच्या आम्लतेचा हिशेब धरून बनवलेला असतो. मांजराची कातडी आपल्याइतकी आम्ल नसते. शिवाय दर आठवड्याला धुतल्यावर तिच्यावरचं नैसर्गिक तेल राहणार कसं? हे सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच ठरवलं की आंघोळ बंद.

आणि मग मी थेट दुसऱ्या पार्टीत गेले. बारावी, क्लासेस, सीईटी. भास्कर आपलं आपण बघून घेईल! फोटोत तर छान दिसायचा, कारण वरवरून हात फिरवला की पाठ मऊच लागायची. गुंते तयार होतात ते काखेत, पोटावर, कानांमागे, जिथे आपला हात जात नाही. तो सोफ्यावर उडी मारताना ओरडायला लागला. आम्हाला वाटलं, लाडावलाय. एप्रिल 2023 मध्ये त्याला डॉक्टरांकडे नेलं, तोवर केसांच्या जटा झाल्या होत्या, नमद्यासारख्या. विंचरून सुटण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. भूल देऊन सगळे केस काढावे लागले. केसांखाली कातडी लाल, ओलसर, आणि दोन्ही काखांत जखमा. प्रत्येक पावलाला तो गुंता कातडी ओढत होता. डॉक्टर मला काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

बोलली ती आजी. म्हणाली, "अगं, शाळेत जायच्या आधी तुझ्या दोन वेण्या मी रोज घालत होते, दहा वर्षं. एक दिवस तरी म्हणालीस का, रोज नको, रविवारी एकदम घाल म्हणून?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या लायब्ररीत मिळालं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये अलेक्सिस नोएल नावाची मुलगी मेकॅनिकलमध्ये पीएच.डी. करत होती. (मेकॅनिकलच्या मुलींनो, वाचताय ना?) तिची मांजर एकदा ब्लँकेट चाटत होती आणि तिची जीभ त्यात अडकली. आपण व्हिडिओ काढला असता, तिने रिसर्च केला. तिचा आणि तिचे गाईड डेव्हिड हू यांचा पेपर 2018 साली आला. घरच्या मांजरापासून वाघ-सिंहापर्यंत सहा जातींच्या जिभा त्यांनी तपासल्या. मांजराच्या जिभेवर जे काटे असतात ते नुसते टोकदार नसतात, टोकाला पोकळ असतात, छोट्या पळीसारखे. फर्स्ट इयरला केशाकर्षण शिकलो ना, तेच. काटा तोंडातली लाळ आपोआप ओढून घेतो आणि केसांच्या मुळाशी नेऊन सोडतो. म्हणजे कंगवा, पाणी आणि मसाज, तिन्ही एकाच टूलमध्ये! त्यावरून त्यांनी मांजरांसाठी एक ब्रशही बनवला.

पण माझ्यासाठी त्या पेपरमधली मोठी गोष्ट वेगळीच होती. काटा कातडीपर्यंत पोचायचा तर जिभेने दाबल्यावर उरणारी केसांची जाडी काट्याच्या उंचीपेक्षा कमी हवी. काट्याची उंची साधारण दोन मिलिमीटर. बाकी जातींत हे गणित जमतं, अगदी सिंहातही. पर्शियन मांजरात जमत नाही. तिचे केस इतके लांब आणि दाट की तिची स्वतःची जीभ तिच्या कातडीला पोचतच नाही.

म्हणजे भास्कर आळशी नव्हता. तो दिवसभर चाटत होता आणि ते काम होणारच नव्हतं. निसर्गाने असे केस दिलेच नव्हते. ते माणसांनी, शोभेसाठी, पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून आणले. आपण डिझाइन बदललं आणि मेंटेनन्स जुन्याच मशीनवर सोडून दिलं.

माझं मत इथेच सांगून टाकते. "किती वेळा?" हा प्रश्न कॅलेंडरला विचारायचा नसतो. मांजराची जीभ जिथे पोचत नाही, तिथे आणि तितक्या वेळा आपला हात पोचला पाहिजे. बस.

हा नियम लावून बघा, सगळी उत्तरं निघतात. पर्शियनसारखी लांब केसांची मांजर? रोज विंचरणं, त्याला पर्याय नाही. दहा मिनिटं, रुंद दातांचा धातूचा कंगवा, आधी काखा आणि पोट, मग पाठ. आखूड केसांची आपली देशी मांजर? तिचं काम तीच चोख करते, आठवड्यातून एकदा पुरे. म्हातारी किंवा फार लठ्ठ मांजर? तिला मान वळवून पाठीपर्यंत पोचता येत नाही, म्हणून केस आखूड असले तरी जास्त वेळा. केस गळायच्या दिवसांत सगळ्यांनाच थोडं जास्त, नाहीतर ते सगळे केस तिच्या पोटात जातात आणि गोळा होऊन आपल्या चादरीवर येतात. आंघोळ? निरोगी मांजरीला बहुतेक वेळा नकोच. घालायचीच झाली तर विंचरल्यानंतर, आधी नाही. गुंता भिजला की आणखी घट्ट बसतो. आणि कात्रीने गुंता कापायला जाऊ नका. कातडी पातळ असते, गुंत्याबरोबर वर उचलली जाते आणि कात्रीत सापडते.

यातून दुसरं मत येतं, ते काहींना झोंबेल. रोज दहा मिनिटं देता येत नसतील तर पर्शियन मांजर घेऊ नका. रील बघून तर नकोच. पैसे भरून आणलेल्या मांजरीच्या काखेतली जखम फोटोत दिसत नाही.

आता केटीकडे येऊ. जुलैपासून दर शुक्रवारी चहानंतर आम्ही तिला पायरीवर बसवून विंचरतो. कोणीतरी विचारलं, ती देशी आहे, तिची जीभ पोचते, मग एवढं तरी कशाला? तर विंचरणं हा बहाणा आहे, खरं काम म्हणजे इन्स्पेक्शन. ऑगस्टमध्ये फणीत काळे दाणे आले. माती समजून सोडणार होतो, पण ओल्या टिश्यूवर ठेवले तर भोवती लालसर डाग पसरला. म्हणजे पिसवांची विष्ठा, आत केटीचं रक्त.

आणि इथे आम्ही घोळ घातला. लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण उद्या दुसरं कोणी तेच करेल. एकीच्या घरी कुत्र्याचं पिसवांचं औषध होतं. ते मानेवर चार थेंब टाकलं. कुत्र्याला चालतं तर हिला काय होतंय! त्यात परमेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजरीच्या शरीराला ते पचवता येत नाही. चार तासांनी केटी थरथरायला लागली, उभं राहता येईना. रात्री रिक्षा, डॉक्टर, सलाईन. तिथे तिला कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या साबणाने धुतलं. तिच्या आयुष्यातली खरी गरजेची आंघोळ ती एकच. दोन दिवसांनी वाचली. सेमिस्टर सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

म्हणून एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. मांजरीच्या अंगावर जे पडतं ते तिच्या पोटात जातं, कारण ती ते चाटून काढते. तिचं अंग म्हणजेच तिचं ताट.

यावरून रेक्टर मॅडमना आणि सफाईच्या मावशींना एक नम्र विनंती. मेसच्या पॅसेजमध्ये फिनेलने पुसल्यावर फरशी वाळेपर्यंत केटीला बाहेर ठेवू द्या, त्याची जबाबदारी आमची. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करायची ताकद मांजरीच्या यकृतात फारच कमी असते. ओल्या फरशीवरून ती चालते, मग पंजे चाटते. मावशी, तुमचं काम आम्हाला वाढवायचं नाही, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे.

मॅडमची काळजीही मला पटते. मांजर चावली-ओरबाडली तर? केसांतून रोग आला तर? पण त्याचं उत्तर मांजर घालवणं नाही, कारण एक गेली की दुसरी येते, आणि त्या दुसरीला कोणी कधी हात लावून बघितलेलं नसतं. दर आठवड्याला जी विंचरली जाते तिच्या अंगावर नायट्याचा गोल चट्टा असेल तर पहिल्याच आठवड्यात दिसतो, अख्ख्या मजल्याला लागण झाल्यावर नाही. तिची फणी वेगळी, नंतर साबणाने हात धुणं, आणि ओरखडा उठलाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर. घरच्या मांजरीचं जे रेबीजचं लसीकरण होतं ते केटीचंही करून घ्यावं, आम्ही वर्गणी काढतो.

शेवटचं म्हणजे, ज्या दिवशी मांजर स्वतःला चाटायचं सोडते त्या दिवशी ती आजारी असते. दात दुखत असतील, सांधे दुखत असतील, ताप असेल. केस विस्कटलेले, चिकट दिसतात. हे कोणाला कळणार? ज्याने तिचे चांगले केस आधी हातात घेऊन बघितलेत त्यालाच. मेंटेनन्सच्या पुस्तकात याला कंडिशन मॉनिटरिंग म्हणतात आणि त्यावर आपल्याला दहा मार्कांचा प्रश्न येतो. ब्रेकडाऊन झाल्यावर धावायचं की आधी हात लावून बघायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. मी ते भास्करवर शिकले, पाठ करून नव्हे.

तर शुक्रवारची पाळी लावलीय, यादी पॅसेजमधल्या बोर्डवर आहे. डिसेंबरच्या सुट्टीत इथे राहणाऱ्या दोघीतिघींनी तरी नावं द्या. फणी खिडकीवरच्या लाल डब्यात आहे, ती परत तिथेच ठेवा, प्लीज.

आणि भास्कर? त्याचे केस परत आलेत. रोज चार वाजता आजी चहा घेते आणि मग त्याला मांडीवर घेऊन विंचरते. मी फोन केला तर म्हणते, "थांब गं, याची वेणी-फणी चाललीय." आणि फोन ठेवून देते.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह