सव्वा महिन्यानंतर

इंदूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. बाळ चार महिन्यांचे झाले. परंतु रात्री कूस बदलताना ओटीपोटाखाली, दोन्ही जांघांच्या मध्यावर, हाड सरकल्यासारखी कळ येते आणि जिना चढताना पाय उचलवत नाही. सासूबाईंना सांगावयास संकोच वाटतो, असे त्या लिहितात.

सव्वा महिन्याचे न्हाणे झाले, बाळंतीण चुलीपाशी गेली की बाळंतपण उरकले, असा आपल्या घरांतील हिशेब. तो अगदीच निराधार नाही. प्रसूतीसमयी सुमारे एक किलो भरणारे गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत आकसून जवळजवळ पूर्ववत होते. परंतु सांध्यांना हे पंचांग ठाऊक नसते. गर्भारपणी रिलॅक्सिनसारख्या अंतःस्रावांमुळे हाडांना जोडणारे बंध सैल पडतात. समोरच्या जघनास्थींमधील सांधा एरव्ही ४-५ मिलिमीटरचा. तो त्या काळात आणखी २-३ मिलिमीटर रुंदावतो. बहुतेकींचा तो पुढे सावरतो, पण काहींना त्यासाठी कित्येक महिने लागतात.

पत्रावरून निदान करणे उचित नव्हे. स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवावेच. तोपर्यंत कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून ठेवावेत. परकर किंवा सलवार उभ्याने न चढविता बसून घालावी. जिना एकेक पायरीने, वर जाताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी, असा चढावा-उतरावा. उकिडवे बसून धुणे आणि भरल्या बादल्या काही महिने दुसऱ्या कोणी उचलाव्यात. तेलाच्या मालिशीने बरे वाटते, परंतु दाब देऊन 'हाड बसविण्याचा' उद्योग कोणासही करू देऊ नये. डिंकाच्या लाडवांशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते बाळंतिणीचे पाणी तोडण्याशी. त्याने मलावरोध होतो, कुंथावे लागते आणि सैल पडलेल्या स्नायूंवर ताण येतो.

या स्नायूंचा व्यायाम अमेरिकेतील डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडला. लघवी व वारा अडवून धरावा तसे स्नायू आत ओढावेत, श्वास न कोंडता पाच आकडे मोजावेत, सोडावेत. दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा प्रयोग करू नये, आणि त्याने दुखणे वाढले तर तो थांबवून डॉक्टरांना विचारावे. खोकताना लघवी सुटणे किंवा अंग बाहेर आल्यासारखे वाटणे, हेही लपवू नये. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, एकाएकी वाढलेला रक्तस्राव, पोटरीस सूज व ठणका यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता दोन शब्द सासूबाईंशी. आपल्या बाळंतपणी वाड्यात आत्या, काकू, जावा मिळून दहा हात होते. सुनेच्या घरात बहुधा आपलेच दोन आहेत. ती सांगत नाही म्हणून दुखत नाही, असे समजू नये. आपणांसही कधी असे दुखले असेल, तर तिच्यापाशी बसून तेवढे सांगावे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी हे पान उघडे करून त्यांच्या चष्म्यापाशी ठेवून द्यावे.