काडतुसं भरायची मशीन? कुठलीच घेऊ नका!

गेल्या काही दिवसांत तिघा-चौघांनी इनबॉक्समध्ये एकच प्रश्न विचारला. "दादा, घरच्या घरी काडतुसं भरायची मशीन घ्यायचीय, कुठली चांगली?" सोबत अमेरिकेतल्या रील्स. तिकडे गॅरेजात बसून माणूस रिकाम्या पुंगळीत नवी कॅप, दारू आणि गोळी बसवतो. स्वस्त पडतं म्हणे.

उत्तर जाहीरच देतो. कुठलीच नाही.

शस्त्र कायदा, 1959. कलम 2 वाचा. 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग येतात आणि तो बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे घरात चिमूटभर दारू नसली आणि मशीन नुसती टेबलावर पडून असली, तरी कायद्याच्या लेखी तो दारूगोळाच. परवान्याशिवाय दारूगोळा बनवला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. रील टाकणारा हे सांगत नाही, कारण तुरुंगात तो जाणार नसतो.

"पण आम्ही खेळासाठी विचारतोय." बरं. मग खेळ तरी नीट माहीत करून घ्या. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये, पॉइंट टूटू रायफलने. त्या काडतुसाला वेगळी कॅप नसतेच. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो आणि बार उडताना ती कडच चेपते. या मशीनवर ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही, ती भंगारात जाते. 10 मीटर एअर रायफलला तर काडतूसच लागत नाही, छर्रे लागतात. मग मशीन नक्की कशासाठी हवीय?

आणि ठेवणार कुठे? आपल्या वाकोल्यात दहा बाय पंधराच्या खोलीत गॅस, देवघर, पोरांचा अभ्यास सगळं एकत्र. भिंत शेजाऱ्याशी सामाईक. हौस तुमची आणि भाजणार शेजारचं पोर, हे चालणार नाही.

राग काढायचाच तर सरकारवर काढा, मी सोबत आहे. खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, वरणगावला दुसरा. तरी आपले नेमबाज स्पर्धेची काडतुसं परदेशातून मागवतात. पदक आलं की 2 कोटी जाहीर होतात. पदकाच्या आधी हजारो गोळ्या लागतात, त्यांचा खर्च बहुतेक वेळा आईबापाच्या खिशातून. हे का बदलत नाही?

मागायचं ते हे मागा. पालिका शाळांतल्या मुलांना एअर रायफलचे तास. वरळीच्या रेंजवर गरीब पोरांना सवलतीत सराव. राज्य पातळीवर खेळणाऱ्यांना काडतुसांसाठी अनुदान. आमदाराला विचारा, नगरसेवकाला विचारा.

मशीनच्या लिंका मला पाठवू नका. या मागणीच्या पत्राचा मसुदा मी करून देतो, सह्या तुम्ही गोळा करा. आहे तयारी?