जातीच्या दाखल्याचा राखणदार कोण?

खडकवासल्यातील मागासवर्गीय विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज भरतो तेव्हा तो काय काय देतो? आधार क्रमांक, बँकेचे खाते, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला. हाच विद्यार्थी उद्या हिंजवडीतील कंपनीत नोकरीला लागला, तर तेथे जात सांगायची की नाही हे त्याने ठरवायचे. पण ती संगणकात आधीच नोंदलेली आहे. ती नोंद कोण पाहतो, कोणाला देतो आणि कधी पुसतो, हा आमचा प्रश्न आहे.

कंपन्या म्हणतात, ग्राहकांची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे. पुणेकरांचा अनुभव वेगळा आहे. २००५ साली पुण्यात एमफॅसिसच्या कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकन ग्राहकांकडून पासवर्ड काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर लांबवले. कुलूप बाहेरच्या चोराने तोडले नाही, ते आतल्या माणसाने उघडले. पुढे २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३अ आले आणि निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागण्याची वाट खुली झाली. या कायद्याखाली २०१३ साली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी पुण्याच्या पूना ऑटो अँसिलरीजला पंजाब नॅशनल बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. म्हणजे कायद्यात बळ असले की न्याय मिळतो.

हा हक्क कोणी मेहेरबानीने दिलेला नाही. १९४७ साली बाबासाहेबांनी घटना समितीसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये माणसाचे घर आणि कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. ते कलम घटनेत आले नाही. ७० वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला.

मग कायद्याने काय केले? न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात ‘जात किंवा जमात’ ही संवेदनशील माहिती मानली होती. २०१९ च्या विधेयकातही ती होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र संवेदनशील माहिती हा वर्गच उडवला गेला. आता जातीचा दाखला आणि मोबाईल क्रमांक एकाच मापाने मोजले जाणार! आडनाव ऐकून घर नाकारणाऱ्या समाजात जात ही साधी माहिती आहे काय?

सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जाईल. ज्याची माहिती फुटली त्याला छदामही नाही, कारण हाच कायदा कलम ४३अ रद्द करतो. उलट तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर तक्रारदारालाच १० हजारांपर्यंत दंड! शिवाय खात्यासाठी काम करणारी सॉफ्टवेअर कंपनी या कायद्यापुढे थेट उत्तरदायी नाही, खाते उत्तरदायी आहे. कंपनीला बांधतो तो फक्त करार. हा कायदा लागू करताना घाई कशाची झाली तेही पाहा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची सवलत मिळाली. माहिती अधिकारातील कलम ८(१)(ज) आवळण्याची दुरुस्ती मात्र लगेच लागू झाली. कंपनीला मुदत आणि जनतेला ताबडतोब कुलूप, हा कसला न्याय?

आमची मागणी स्पष्ट आहे. जात आणि जमातीच्या नोंदीला कायद्याने खास संरक्षण द्या आणि पीडिताला भरपाईचा हक्क परत द्या. तोवर कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. संकेतस्थळ कोणती कंपनी चालवते, करारात जातीच्या नोंदीबाबत काय अटी आहेत, दाखले किती वर्षे ठेवले जातात, हे माहिती अधिकारात विचारावे. करार ही कोणाची खासगी बाब नव्हे. आणि वस्तीतील नेट कॅफेच्या संगणकावर आपल्या मुलांचे दाखले पडून राहिले असतील, तर ते आपल्यासमोर पुसून घ्यावेत. शिष्यवृत्ती हा आपला हक्क आहे. त्यासाठी दिलेली जात दुसऱ्या कोणाच्या कामी येता कामा नये.