मिठागर आणि चौथीचा वर्ग

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही जुनी आगरी गावं लागतात. इथल्या कितीतरी घरांतल्या आज्या-आजोबांनी मिठागरावर उन्हातान्हात राबून संसार केले. आता बरीच मिठागरं ओस पडली आहेत, घराघरातली तरुण मुलं लोकलने कामाला जातात. तरी राईतल्या एखाद्या चौथीतल्या मुलीला विचारलंत की मीठ कुठून येतं, तर ती पटकन सांगेल, समुद्राच्या पाण्यापासून. कसं येतं, असं विचारा. ‘बाष्पीभवनाने’ हेही पाठ असेल. त्यापुढचा प्रश्न, पाण्याची वाफ होते तर मीठ का उडून जात नाही, तिला कुणी विचारलेला नसतो आणि तिलाही विचारू दिलेला नसतो.

हा प्रश्न मला एका लहान मुलाने विचारला. आमच्या इमारतीतल्या मुलांना घेऊन मी गच्चीवर मीठपाणी वाळवत ठेवलं होतं. सारखंच पाणी, एक वाटीत आणि एक पसरट ताटात. ताट आधी कोरडं झालं, वाटीत पाणी तसंच. मुलांनीच एकमेकांना समजावलं की ताटातल्या पाण्याला ऊन-वारा लागायला जागा जास्त. मिठागरातले वाफे वीतभरही खोल का नसतात आणि एवढे लांबरुंद का असतात, याचं उत्तर त्यांनी मिठागर न बघताच काढलं होतं. ताटाच्या कडेला धरलेले खडे भिंगाखाली धरल्यावर एक मुलगी म्हणाली, सगळे चौकोनी कसे? मिठाचा कण घनाकृतीच का असतो, हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात फार पुढे येतं. पण तो तसा असतो, हे नऊ वर्षांच्या डोळ्यांना दिसलं, आणि तिने वहीत तो काढलाही. कण काढायचा म्हटल्यावर त्याच्याकडे नीट बघावंच लागतं. चित्रकलेचा तास आणि विज्ञानाचा तास वेगळे का ठेवतात, हे मला कधीच उमगलेलं नाही.

मिठागरात यापेक्षा कितीतरी जास्त आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं मीठ खड्यांच्या रूपात धरू लागायला पाणी आटून जवळजवळ दहावा हिस्सा उरावं लागतं. आटताना आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम तळाशी बसतं, मग मीठ, आणि शेवटी उरतं ते मॅग्नेशियमचं कडू पाणी. ते वेळेवर सोडून दिलं नाही तर मीठ कडवट होतं. म्हणून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत न्यायचं. कारखान्यांत याचं माप बोमे अंशांत घेतात: समुद्राचं पाणी सुमारे ३ अंश, मीठ धरू लागतं ते २५ अंशांच्या आसपास. हे माप घेणारं उपकरण चौथीच्या वर्गाला घरी बनवता येतं. शीतपेयाची नळी घ्यायची, तिच्या एका टोकाला मातीचा गोळा घट्ट बसवायचा आणि ती पाण्यात उभी तरंगत ठेवायची. नळाच्या पाण्यात ती किती बुडाली तिथे खूण करायची. मग पाण्यात मूठमूठ मीठ टाकत जायचं; नळी वर येत जाते. बटाट्याचंही तसंच. साध्या पाण्यात तो तळाशी बसतो आणि खाऱ्या पाण्याने पुरेशी घनता गाठली की वर येऊन तरंगतो. घनतेची व्याख्या नंतर सांगितली तरी चालेल.

भरती-ओहोटी घ्या. मिठागरात पाणी घ्यायचं तर उधाण कधी हे कळायला हवं. कोकणच्या किनाऱ्यावर याचा जुना हिशेब आहे: पक्षातल्या तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, त्याच्यामागे भरतीही तेवढीच सरकते, म्हणून हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याला बऱ्यापैकी लागू पडतो. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. ती पाठांतरं गेली याचं मला दुःख नाही. पण राईच्या मुलांनी पंधरा दिवस कॅलेंडरवरची तिथी आणि खाडीच्या पाण्याची वेळ शेजारीशेजारी लिहिली, तर अपूर्णांकांचा गुणाकार, चंद्राच्या कला आणि भूगोल एकाच तक्त्यात येतो. आजोबा हा हिशेब बोटांवर करायचे, हेही तेव्हा घरात निघतं.

आणि उघाडी! खाजणातल्या भातशेतीच्या बांधाला लाकडी झडप असते. ओहोटीला आतलं पाणी ती बाहेर सोडते आणि भरतीला बाहेरच्या पाण्याच्याच दाबाने आपोआप मिटते. माणूस उभा राहायची गरज नाही. मिठागराला याच्या उलट हवं असतं: उधाणाचं पाणी आत यावं, पण परत जाऊ नये. पुठ्ठा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि प्लास्टिकचा डबा देऊन मुलांना सांगा, अशी झडप बनवा. चार गटांच्या चार झडपा गळतील, एखादी अडकून बसेल, मग ती कापून पुन्हा करायची. आपल्या हृदयातही अशाच एका दिशेने उघडणाऱ्या झडपा आहेत, हे त्या दिवशी सांगितलं तर मुलं विसरणार नाहीत. तंत्रज्ञान शिकवायचं म्हणजे पडदा आणि यंत्रमानव, असा समज आपल्या संस्थाचालकांत पक्का बसला आहे. माझं मत आहे की दहा वर्षांच्या मुलासाठी उघाडी हे त्याहून चांगलं यंत्र आहे, कारण ती पूर्ण उघडी दिसते आणि पूर्ण समजते.

आसपासच्या वस्तूंतून असं शिकवणं काही नवीन नाही. राई ज्या ठाणे जिल्ह्यात आहे, त्याच जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यात कुठून आणायची? त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की गरीब मुलांसाठी काहीतरी कमी प्रतीचं चालवून घ्यावं, असा विचार त्यात कुठेच नव्हता. तिथलं साहित्यच शिकण्यासाठी उत्तम, ही त्यामागची श्रद्धा होती.

पुढे अरविंद गुप्ता आले. आयआयटी कानपूरचे अभियंता. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून त्यांनी मुलांच्या हातात भूमिती दिली. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पुलाला आणि छपराला त्रिकोण का लागतात हे बोटांना कळतं. पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर राईपासून फार लांबही नाही. १९७४ पासून ते याच कामात आहे, आणि ‘हलके-फुलके विज्ञान’ ही केंद्राची प्राथमिक वर्गांची पुस्तकं मराठीत आहेत. मिनी आणि अपू ही मुलं त्यात सारखे प्रश्न विचारत असतात, आणि मुलांना बघा, करा, चित्र काढा असं सांगितलेलं असतं.

म्हणजे पुस्तकं आहेत, परंपरा आहे. अडतं कुठे? सरकारी अटल टिंकरिंग लॅब सहावी ते बारावीसाठी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दप्तराविना दहा दिवस आणि स्थानिक कारागिरांकडून शिकणं सुचवलं, तेही सहावी ते आठवीला. पहिली ते चौथी, जेव्हा हात सर्वांत उत्सुक असतात, ती वर्षं मोकळीच राहिली. शिवाय शिक्षकाचा वेळ. वर्गात चाळीस मुलं, माहिती भरायच्या याद्या, निवडणुकीची कामं, आणि वर ‘पोर्शन झाला का?’ ही विचारणा. अशा शिक्षकाला प्रयोगसंच देऊन काही होत नाही. संच खोक्यातच राहतो. शिक्षकाला आठवड्याचे दोन सलग तास मिळायला हवेत. प्रयोग फसला, वर्गात पाणी सांडलं, गोंगाट झाला, तर कुणी जाब विचारणार नाही, एवढा विश्वासही हवा. पालकांचाही वाटा आहे. मुलगा मातीने माखून घरी आला तर आज काय शिकवलंच नाही, असं म्हणणारे पालक मी पाहिले आहेत.

मीठ पिकतं ते कोरड्या दिवसांत, पावसाळा सरून जमीन वाळली की पुढच्या पावसापर्यंत. शाळा त्या काळात बहुतेक भरलेल्याच असतात. मिरा-भाईंदर महापालिकेच्या शिक्षण विभागाला आणि या पट्ट्यातल्या खासगी शाळांना माझी विनंती आहे: या हिवाळ्यात तिसरी-चौथीच्या मुलांना, रीतसर परवानगी घेऊन, चालू असलेल्या एखाद्या मिठागरावर न्या. सहलीसारखं एकदा नाही. पाणी घेताना, आटताना आणि रास लागताना, असं तीनदा. ज्यांनी आयुष्यभर हे काम केलं अशा राई-मुर्ध्याच्या आजोबांना, आजींना वर्गात बोलवा आणि इतर पाहुण्या शिक्षकांना देता तसं मानधन द्या. हे जाणणारी माणसं आता वयस्क झाली आहेत, हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.