वहीत 'मिलो'च लिहा

उतारवयात कोणी घराण्याच्या आठवणी लिहू लागले, गावच्या झाडापाखरांची टिपणे ठेवू लागले, की 'वेळ जात नाही वाटतं' म्हणून आपण हसतो. नगर जिल्ह्याने, आताच्या अहिल्यानगरने, तरी हसू नये. नगरला बिऱ्हाड असलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 साली गेले. पुढे त्यांचे चरित्र लिहायचे म्हणून मुलाने, देवदत्तांनी, आईकडे आठवणी मागितल्या. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या लिहायला घेतल्या आणि मराठीला 'स्मृतिचित्रे' मिळाले. पहिला भाग 1934 साली आला. घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्याकडे पराक्रमाची यादी निघते. लक्ष्मीबाई मात्र मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या सोवळ्याबद्दल सांगतात, टिळकांचा तापट स्वभाव सांगतात आणि स्वतःची फजितीही झाकत नाहीत. पुस्तक टिकले ते या चोखपणावर. टिळकांच्या नगरच्या घरात बालकवी ठोंबरेही काही काळ राहिले होते. फुलामुलांवर लिहिणारा यजमान आणि निर्झरात रमणारा पाहुणा: निसर्ग आणि घर या विषयांना हलके मानणाऱ्यांनी एवढे एकच बिऱ्हाड आठवावे.

यावर कोणी म्हणेल, जिल्ह्यातल्या कोरड्या पाथर्डी-कर्जतकडे कसला आलाय निसर्ग? हिरवे तेवढेच सुंदर, ही समजूत आपण पाठ्यपुस्तकातून उचलली. माळावरचा पिवळा तरवड, हिवराची सावली, रेहेकुरीचे काळवीट यांवर लिहायला धबधबा लागत नाही. पावसाची वाट पाहणाऱ्याइतके आभाळ कोण निरखून पाहतो? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आठवण चुकते, आणि घरची माणसे घरच्यांना झुकते माप देतात. खरे आहे. म्हणून सनावळी सातबारा, फेरफार, शाळेच्या दाखल्याशी ताडून घ्यावी. पण जमीन कोणाच्या नावावर चढली हे फेरफार सांगतो. ती विकली त्या रात्री घरात चूल पेटली का, ते सांगत नाही. राहिला दर्जाचा प्रश्न. प्रत्येक वही 'स्मृतिचित्रे' होणार नाही. न होवो. दर विहिरीला गोड पाणी लागत नाही म्हणून कोणी विहीर खणायचे थांबले नाही.

घाई मात्र करायला हवी. 1972 च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून, सुकडीवर पोरे जगवून, रात्री मिलोची, म्हणजे तेव्हा बाहेरून आलेल्या ज्वारीची, लाल भाकर थापणारी विशीतली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. येत्या सुट्टीत तिच्यासमोर वही घेऊन बसा. ती लिहीत नसेल तर तुम्ही लिहा, पण तिच्याच शब्दांत. ती 'मिलो' म्हणाली, तर 'निकृष्ट धान्य' लिहू नका.