जुन्या टीव्हीचा भाव कोण ठरवणार?

भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या, सोनाराला घडणावळ किती आणि घट किती हे खोदून विचारणाऱ्या आपण बायका, घरात टीव्ही घ्यायची वेळ आली की मात्र गप्प बसतो. ‘तुला त्यातलं काय कळतंय?’ असं कुणी म्हणायच्या आधीच ‘त्यातलं ह्यांनाच कळतं’ म्हणून मोकळ्या होतो. आणि पैसे कुणाचे जातात? बऱ्याचदा भिशीचे, शिलाईकामाचे, नाहीतर बचत गटातून उचललेले. म्हणजे पैसे आपले आणि भाव दुसऱ्याचा!

घरोघरी आता पडदे मोठे होत चाललेत. कुणाची बदली होते, कुणी आणखी मोठा टीव्ही घेतं आणि जुना विकायला निघतो. मग ओळखीतलं कुणीतरी म्हणतं, ‘वहिनी, साठ हजारांचा टीव्ही आहे, तुम्हाला म्हणून निम्म्यात देतो.’ निम्मी किंमत ऐकली की आपल्याला लॉटरी लागल्यासारखं वाटतं. पण मैत्रिणींनो, हे निम्मं नेमकं कशाचं? पाच-सहा वर्षांपूर्वीच्या बिलाचं! जुना दागिना मोडायला नेला, तर सोनार आजचा भाव लावतो, जुनी पावती बघून पैसे देत नाही. टीव्हीलाही तोच न्याय लावायला हवा. फरक एवढाच, की सोनं सहसा चढतं आणि टीव्ही उतरत जातो.

त्यात करही बदललाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ३० हजार असेल तर पूर्वी करासकट ३८,४०० रुपये पडायचे, आता ३५,४०० पडतात. त्याआधीच्या बिलात बसलेला हा जास्तीचा कर आपण कशाला भरायचा?

तेव्हा हिशेब असा करा. आधी दुकानात जाऊन तेवढ्याच इंचांच्या, तशाच दर्जाच्या नव्या टीव्हीचा आजचा भाव विचारा. समजा, तो ३६ हजार निघाला. घरात रोज चालणारा टीव्ही साधारण आठ वर्षं नीट चालेल असं धरू. समोरचा टीव्ही पाच वर्षं वापरलेला असेल, तर उरली तीन. ३६ हजारांचे आठ भाग केले की एक भाग साडेचार हजारांचा, तीन भागांचे झाले साडेतेरा हजार. त्यातून टेम्पोचं भाडं, भिंतीवर बसवायची मजुरी आणि वॉरंटी नसल्याची जोखीम वजा करा. अकरा-बारा हजारांच्या आसपास रास्त भाव येतो. कुठे तो तीस हजारांचा ‘निम्मा’ भाव आणि कुठे हा!

अर्थात हा भाव चांगल्या चाललेल्या टीव्हीचा. बंद टीव्ही म्हणजे झाकली मूठ. तो किमान अर्धा तास चालू ठेवून बघा, कारण काही दोष तापल्यावरच दिसतात. मोबाइलवरून पूर्ण पांढरं चित्र लावलं, की काळपट डाग, पिवळेपणा, उभ्या-आडव्या रेघा दिसतात. खोलीत अंधार करून पूर्ण काळं चित्र लावलं, की कोपऱ्यातून झिरपणारा उजेड कळतो. पडद्यावर रेघ किंवा तडा असेल, तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. पडदा बदलायचा खर्च पुष्कळदा नव्या टीव्हीच्या जवळपास जातो. मागच्या पट्टीवर मॉडेल आणि बनवल्याचं वर्ष असतं, ते वाचा. सेट टॉप बॉक्स लावून बघा, रिमोट, आवाज, वाय-फाय तपासा. जुन्या स्मार्ट टीव्हीत काही अ‍ॅप चालेनाशी होतात, त्यासाठी वेगळी स्टिक घ्यावी लागली तर तो खर्चही भावातून कमी करा. आणि टीव्ही आणताना उभाच आणा, आडवा टाकला तर वाटेतल्या खड्ड्यात पडदा जायचा!

खरी अडचण पुढेच येते. नात्यात भाव कसा करायचा? जाऊबाईंचा टीव्ही, तिथे तोंड कसं उघडायचं? पण न बोलता जास्त पैसे दिले, तर ते मनात राहतात आणि टीव्ही बिघडला की बाहेर पडतात. त्यापेक्षा कागदावर हिशेब मांडून समोर ठेवावा. ‘वन्सं, नवा एवढ्याला मिळतोय, म्हणून मी एवढे देते,’ असं म्हटलं तर कुणाचा अपमान होत नाही.

हाच कागद विकतानाही कामाला येतो. सणासुदीला ‘जुना द्या, नवा घ्या’ची पाटी लागते. दुकानदाराला आधी विचारा, ‘जुना न देता नवा कितीला?’ दोन भावांतला फरक, तीच तुमच्या टीव्हीची त्याने केलेली किंमत. कधी कधी ती हजार रुपयेसुद्धा नसते! मग त्यापेक्षा एखाद्या गरजू कुटुंबाला रास्त भावात दिलेला काय वाईट? आणि उलट, समोरची बाई अडचणीत आहे म्हणून तिचा चांगला चालता टीव्ही भंगाराच्या भावाने मागू नये. रास्त भाव म्हणजे घेणारी आणि देणारी, दोघींनाही रात्री शांत झोप लागेल असा भाव.

महिनाभराचा किराणा बसवणाऱ्या बाईला हे गणित अवघड नाही. तेव्हा पुढच्या वेळी घरात टीव्हीची बोलणी सुरू झाली, की चहा ठेवायला आत जाऊ नका. कागद-पेन घेऊन तिथेच बसा.