प्रत्येक धबधब्याचं दूध कशाला?

मसुऱ्याहून सावडाव किंवा आंबोली गाठणाऱ्या हौशी छायाचित्रकारांनी सरसकट दोन सेकंदांचं शटर लावणं आता थांबवावं. त्या फोटोंत पाणी दुधासारखं गुळगुळीत उतरतं आणि आंबोलीचा रोरावणारा लोंढा हरवतो.

जुलैत धबधबा इतका भरलेला असतो, की एका सेकंदातही सगळ्या धारा मिसळून नुसता पांढरा पट्टा उरतो. तिथे १/८ ते १/१५ सेकंद पुरे. वेग जाणवतो, धारांचे पदरही सुटे दिसतात. उडते तुषार टिपायचे तर १/१००० हवं.

पाणी ओसरल्यावर कातळावरच्या बारीक धारांना मात्र लांब शटर खरोखर खुलवतं. तेव्हा ट्रायपॉड, आयएसओ १०० आणि तीन स्टॉपांचा एनडी फिल्टर घ्यावा. तो प्रकाश एक अष्टमांशावर आणतो, त्यामुळे शटर आठपट वेळ उघडं ठेवता येतं.